बायकोबद्दलची वासना: पाप की लग्नाचा हक्क?

कॅम्पातला वाचक
खानापूर भागातल्या एका लग्नपूर्व कोर्समध्ये फादर म्हणाले, "स्वतःच्या बायकोकडेसुद्धा नवरा वासनेने पाहू शकतो, आणि तेही पाप." कोर्सला बसलेली पोरं चिडली. मग लग्न करायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या मते फादर बरोबर बोलले, पण अर्धंच बोलले. हा विचार त्यांच्या पदरचा नाही. ८ ऑक्टोबर १९८० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी हेच सांगितलं होतं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत गदारोळ झाला होता. स्त्रीकडे वासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच, असं येशू मत्तय ५:२८ मध्ये म्हणतो; हा 'मनातला व्यभिचार' बायकोशीही घडू शकतो, तिला फक्त आपली भूक भागवायचं साधन केलं तर, असा त्यांचा मुद्दा होता. पण शरीराची ओढ घाण आहे असं ते कुठेच म्हणाले नाहीत. गीतरत्न हे प्रेमगीतांचं पुस्तक बायबलातच आहे. 'तारुण्यातल्या पत्नीत आनंद मान' हे नीतिसूत्रांच्या पाचव्या अध्यायात आहे. हे त्या पोरांना कोणी सांगितलं नाही. संत ऑगस्टीनने मूल होण्याच्या हेतूशिवायच्या संबंधाला, नवरा-बायकोतल्यासुद्धा, क्षम्य का होईना पण पाप ठरवलं. त्याला सोळाशे वर्षं झाली, तरी आपल्या घरांत अजून तीच भीती आहे.

मेथडिस्ट घरचा
दादा, मला हे मुळातच पटत नाही. 'व्यभिचार करू नको' ही आज्ञा सांगूनच येशू पुढचं वाक्य बोलतो. म्हणजे विषय परस्त्रीचा आहे. त्यात बायकोला ओढायचं कारण काय? इब्री १३:४ स्पष्ट आहे: लग्नाचं अंथरूण निर्दोष असावं, आणि न्याय होईल तो जारकर्म्यांचा नि व्यभिचाऱ्यांचा. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरने १५२५ साली मठ सोडलेल्या काथरीना या नन्शी लग्न केलं आणि संसारालाही देवाचं पाचारण मानलं. पाळकाने काय किंवा फादरांनी काय, नवरा-बायकोच्या खोलीच्या दाराबाहेर थांबावं.

खानापूरची अक्का
दाराबाहेर थांबा म्हणणं पुरुषाला सोपं आहे. आत काय चालतं ते बाईला विचारा. पिऊन आलेल्या नवऱ्याला नाही म्हटलं की सासू सांगते, "तुझ्या शरीरावर तुझा अधिकार नाही, पौलाने लिहिलंय." बायबलातल्या पौलाच्या पत्रातलं हे वचन, १ करिंथ ७:४. त्याच वचनाचा पुढचा भाग, नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा अधिकार आहे हा, मी कुठल्या सासूच्या तोंडून ऐकलेला नाही. पाचव्या वचनात तर दूर राहायचं असेल तर दोघांच्या संमतीने राहा असं आहे. दूर राहायला दोघांची संमती लागते, तर जवळ यायला एकट्याची कशी पुरते? १९६८ च्या 'ह्युमाने विते' या पत्रातही पोप पॉल सहावे लिहितात की जोडीदाराची अवस्था नि इच्छा न बघता लादलेला संबंध हे खरं प्रेम नव्हे.

निपाणीकर
अक्का, तुमचं खरं हाय. पण दुसरी बाजूबी बघा की. आमच्याकडची माणसं शिपवर जात्यात, आखातात जात्यात. वर्षानं घरी येतंय माणूस, दोन महिनं राहतंय. त्याच्या मनात बायकोची ओढ भरलेली असतीया, आणि त्याला पहिल्याच रविवारी वासनेवर प्रवचन ऐकवायचं? त्यो बाहेर कुठं गेला न्हाई, हिच्यासाठीच थांबला. ह्या ओढीला पाप म्हणू नका.

उपवासकाळी
निपाणीकर, ओढ पाप नाही, मान्य. पण इथे सगळे 'दोघांना चालतंय ना, मग झालं' या दिशेने निघालेत. कॅथलिक शिकवण तिथे संपत नाही. दोघांची संमती असूनही मोबाईलवर घाण बघून तेच घरात करणं चूकच. अपत्याची शक्यता मुद्दाम तोडणंही चर्चला मान्य नाही. संयम शिकायला लागतो, आणि तो लग्नानंतर जास्त लागतो. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीतले लोक ईस्टरआधीच्या उपवासकाळात वेगळे झोपत. त्यांचे संसार मोडले नाहीत.

खानापूरची अक्का
मोडले नाहीत, कारण बाईला जायला जागा नव्हती.

कॅम्पातला वाचक
संयमाचं मला पटतं, पण तो दोघांनी ठरवलेला हवा. आणि दाराबाहेर थांबा म्हणणाऱ्यांसाठी: मार्च २०२२ मध्ये आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाने नवऱ्यावरचा बलात्काराचा आरोप रद्द करायला नकार दिला. नंतर सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कायद्यात नवऱ्याला सूट आजही आहे. जिथे कायदा बाईच्या बाजूने बोलत नाही, तिथे चर्चने तरी बोलावं.

मेथडिस्ट घरचा
जबरदस्ती पाप आहे, यात वादच नाही. पण तिला हिंसा म्हणा आणि हिंसा म्हणूनच चर्चमधून ठणकावून सांगा. वासनेच्या नावाखाली घातलीत तर सरळ वागणारा नवरा उगाच घाबरेल, आणि मारकुटा म्हणेल, "सगळ्यांनाच वासना असते."

खानापूरची अक्का
हिंसा म्हणाच. पण मार पडायच्या आधी कित्येक वर्षं तो बायकोकडे माणूस म्हणून बघत नसतो, त्याला काय म्हणणार तुम्ही? मी त्याला वासनाच म्हणेन. आणि पुढच्या कोर्समध्ये फादरांच्या शेजारी संसार केलेली एक बाई बसवा. करिंथचं वचन तिला वाचू दे, तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत, पूर्ण.