रोजच्या गाडीला स्टीलच्या जाळीचे ब्रेक होज घालण्यात अर्थ आहे का?

प्रश्न

नमस्कार मंडळी, गाडी दहा वर्षांची आहे आणि ब्रेक पाइप अजून कंपनीतून आले तेच आहेत. गेले काही महिने पेडल मऊ लागतंय, म्हणजे ब्रेक लागतो पण आधी पाय थोडा आत जातो आणि मग पकड येते. गॅरेजमध्ये दाखवलं तर म्हणाले रबरी होज काढून टाका आणि स्टील ब्रेडेड घाला, गाडी जागच्या जागी थांबेल. माझं ड्रायव्हिंग साधं आहे, घर ते ऑफिस आणि सुट्टीत हायवे, रेसिंगबिसिंग काही नाही, पण मागच्या सीटवर मुलं असतात त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत मला चालढकल करायची नाहीये. खरंच फरक पडतो का? कोणी घातलेत का?

गॅरेजातला

जागच्या जागी वगैरे काही थांबणार नाही, हे आधीच सांगतो. गाडी शेवटी टायरच्या पकडीवर थांबते. आत्ताच्या होजवर जोरात ब्रेक मारल्यावर एबीएस लागत असेल ना, म्हणजे पेडल पायाखाली थरथरत असेल, तर टायर जेवढं झेलू शकतो तेवढा ब्रेक तुम्हाला आधीच मिळतोय आणि होज बदलून त्यात भर पडत नाही.

आता फरक कुठे पडतो ते. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) चाकापर्यंतची बहुतेक लाइन लोखंडी नळीच असते, फक्त चाकाजवळ जिथे सस्पेन्शन वरखाली होतं आणि स्टेअरिंग वळतं तिथे हातभर लवचिक होज असतो. जोरात ब्रेक दाबला की आतला दाब ६०-७० बारच्या पुढे जातो, तुलना म्हणून सांगतो, टायरमधली हवा साधारण २ बार असते. एवढ्या दाबाला रबर किंचित फुगतं, आणि तुमच्या पायाची थोडी हालचाल त्या फुगण्यात खर्च होते. ब्रेडेडमध्ये आत टेफ्लॉनची नळी आणि वरून स्टीलची जाळी, ती फारशी फुगत नाही म्हणून पेडल कडक लागतं आणि किती ब्रेक द्यायचा याचा अंदाज पायाला नीट येतो. छान वाटतं हे खरं, पण चांगल्या स्थितीतल्या नव्या रबरी होजशी तुलना केली तर रोजच्या गाडीत तो फरक थोडासाच असतो.

तुमचं पेडल आधी असं नव्हतं ना? मग आधी आजार शोधा. ब्रेक ऑइल कधी बदललंय? लाइनमध्ये हवा आहे का? मागे ड्रम असतील तर लायनर झिजून अ‍ॅडजस्टमेंट ढिली झाली तरी पाय असाच आत जातो. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक झालं की पाय तसाच दाबून धरा, हळूहळू खाली बसत गेलं तर बाहेर कुठे गळती आहे का बघा आणि ती नसेल तर मास्टर सिलिंडरचे सील गेलेत. तिथे सोन्याचे होज घातले तरी उपयोग नाही.

तीन वर्षं ब्रेडेड वापरणारा

वरच्याशी बहुतांशी सहमत, पण मी घातलेत आणि मला पटलेत. माझे रबरी होज तसेही बदलायला आलेच होते, मग काढायचेच आहेत तर हे घालू म्हटलं. ट्रॅफिकमध्ये हळूहळू थांबताना पेडल हलकंसं दाबलं तरी कळतं, लांब उतारावर विशेष. थांबायचं अंतर कमी झालं असं मात्र मी म्हणणार नाही.

पण फिटिंग नीट बघून घ्या, माझ्याकडे पहिल्यांदा पुढचा डावा होज पीळ बसलेल्या अवस्थेत लावला होता, सरळ चाकात काहीच कळत नव्हतं पण स्टेअरिंग पूर्ण वळवलं की आतल्या स्ट्रटला, म्हणजे सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याला, घासायचा, टायर बदलायला चाक काढलं तेव्हा दिसलं की वरचं प्लॅस्टिकचं आवरण घासून स्टील उघडं पडलंय. ब्रेडेडचा हाच धोका आहे. रबराला तडे गेले तर डोळ्यांना दिसतात, इथे जाळीच्या आत माती-रेती शिरली तर ती टेफ्लॉनला आतल्या आत खात राहते आणि वरून होज नवाच दिसतो. म्हणून आवरण असलेलेच घ्या, मूळ होज जिथे क्लिपमध्ये बसतो तिथेच बसवून घ्या, आणि गाडी जॅकवर असताना स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून स्वतः वाकून बघा. होजवर मानकाचा शिक्का हवा, अमेरिकेचं १०६ नंबरचं मानक आहे त्यात होज सलग ३५ तास वळवळवत ठेवून तपासतात. शिक्का नसलेला स्वस्त होज घेण्यापेक्षा कंपनीचा रबरी हजारपट बरा.

ऑइलवाले

माझं मत, आधी फक्त ऑइल. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू कोरडं असताना किमान २३० डिग्री असावा लागतो, ओल धरल्यावरची अट १५५ वर येते. लांब उतारावर ते उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल थेट तळाला, त्या वेळी होज कोणता आहे याला काही अर्थ उरत नाही. बऱ्याच गाड्यांना दोन वर्षांनी बदला असं सांगितलेलं असतं आणि लोक दहा-दहा वर्षं झाकणसुद्धा उघडत नाहीत.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सांगितलेलं सगळं केलं. पेडल दाबून धरल्यावर खाली बसत नाही, म्हणजे मास्टर सिलिंडर वाचला. ऑइल काळपट झालंय, शेवटचं कधी बदललं त्याची नोंदच नाहीये. मग बायकोला पेडल दाबायला सांगून मी पुढच्या होजवर बोटं ठेवली, उजवा दर वेळी बोटाखाली स्पष्ट फुगतोय, आणि वाकवून पाहिला तर टोकाच्या धातूच्या बांगडीच्या कडेला बारीक तडे. शिवाय थोडं फिरवून आणल्यावर उजवं चाक डाव्यापेक्षा खूप गरम लागलं.

गॅरेजातला

गरम चाक महत्त्वाचं आहे, ते सोडू नका. जुना होज आतून सुजतो, पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं पण पाय सोडल्यावर परत यायला वाट मिळत नाही, मग पॅड डिस्कला चिकटून राहतात. ओळखायचं असं, चाक उचला, ब्रेक दाबून सोडा, फिरत नसेल तर कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्लीडर, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, किंचित सैल करा, ऑइल पिचकारीसारखं आलं आणि चाक लगेच मोकळं झालं तर अडकाव वरच्या बाजूला आहे, बहुधा होजमध्ये. तरीही मोकळं झालं नाही तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना जाम आहेत, त्या साफ करून घ्याव्या लागतील.

चारही होज बदला, एकच नको. रबरी की ब्रेडेड ते तुमच्यावर, शिक्का आणि फिटिंग नीट असेल तर दोन्ही चालतील, तुमच्या वापराला मी स्वतः कंपनीचे रबरी घातले असते आणि उरलेले पैसे टायरवर लावले असते. तांब्याचे वॉशर नवेच वापरायला सांगा, जुने परत बसवले की झिरपतं. कॅलिपर काढून होजवर लोंबकळत ठेवू देऊ नका, तारेने बांधायला लावा. आणि हवा काढताना पेडल तळापर्यंत दणादण मारायचं नाही, पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, कारण जुन्या मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात पिस्टन एरवी कधी जात नाही तिथे गंज असतो आणि सील तिथे फाटतात. एबीएस युनिटमध्ये हवा गेली तर काही गाड्यांना स्कॅनर लावूनच ती निघते, ते आधीच विचारून ठेवा.

तोवर मुलांना घेऊन हायवेला जाऊ नका.

प्रश्नकर्ता

नाही जाणार. गाडी आत्ताच उभी केली, कंपनीचे चारही होज आणि डॉट ४ सांगितलंय.