कासची जाळी काढली ते चुकलंच

रानवाट:
साताऱ्याजवळच्या, फुलांसाठी प्रसिद्ध कास पठाराभोवतीची लोखंडी जाळी वनखात्याने काढली, तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढे वाटायचेच बाकी होते. मला मात्र ते पटलेलं नाही. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा यादीत गेलं आणि सप्टेंबरातल्या रविवारी तिथे जत्रा भरू लागली. जांभ्या दगडावर माती ती केवढी, बोटभर! त्यातच सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू अशी इवली फुलझाडं. फोटोसाठी त्यावर आडवे पडलेले लोक मी पाहिलेत. जाळी दिसायला वाईट होती, कबूल. पण माणूस बाहेर राहायचा.

सोनकी:
आणि गुरंही बाहेर राहिली, त्याचं काय? पिढ्यान् पिढ्या ती तिथे चरत होती, म्हणून गवत बुटकं राहायचं. जाळी आली आणि गवत माजलं. बोटभर उंचीच्या गेंदाने त्यातून डोकं कसं वर काढायचं? न चरलेलं गवत उन्हाळ्यात वाळतं, मग वणव्याला एक विडी पुरते. गव्यांची वाट अडली ती वेगळीच.

रानवाट:
सोनकीताई, फुलं कमी दिसली की गवतावर खापर फोडणं सोपं आहे. टोपली कारवी मुळात सात वर्षांनी फुलते. मधल्या वर्षी येऊन "यंदा काहीच नाही" म्हणणारे दर हंगामात भेटतात.

सोनकी:
कारवीचं ठीक. तेरडा, गेंद तर दरवर्षीचे ना?

जावळीकर:
मी तिकडचाच, बामणोलीच्या अलीकडचा. आजोबांच्या दावणीला अकरा जनावरं होती, सगळी सड्यावर, म्हणजे या पठारावर, चरायला जायची. आज एक म्हैस आहे, तीही चुलत्याची. वडील माथाडी कामाला मुंबईत आले, मागोमाग आम्ही. तुम्ही जाळीवरून भांडताय, पण ती काढल्यावर आत सोडायला गुरं आहेत कुणाकडे? गावात उरलेली पोरं हंगामात पार्किंगच्या पावत्या फाडतात. राखणीपेक्षा त्यात दोन पैसे जास्त सुटतात, त्यांना नावं ठेवू नका.

रानवाट:
म्हणजे जाळीच बरी होती!

जावळीकर:
नाही भाऊ. तिकिटाच्या पैशातून गुराख्याला रोजगार द्या. पावसाच्या तोंडाला आणि फुलं सरल्यावर गुरं फिरवा, फुलांच्या दिवसांत खाली ठेवा.

सोनकी:
हे गावी बोललात का?

जावळीकर:
गणपतीत विषय काढला होता. चुलता म्हणाला, आधी तू ये राखायला.