टीव्हीचा आवाज आईला वेगळा, घरच्यांना वेगळा

कमी ऐकू येणाऱ्या आईसाठी हेडफोनची पिन टीव्हीत घातली की स्पीकर बंद होतो, मग आईने ऐकायचं की बाकीच्यांनी, हा तुमचा प्रश्न. आमच्याकडेही हेच झालं होतं. बऱ्याच टीव्हींची ३.५ मिमीची जॅक स्पीकर बंद करतेच. काहींच्या सेटिंगमध्ये दोन्ही चालू ठेवायची सोय असते, ती आधी शोधा.

नसेल तर टीव्हीमागचं ऑप्टिकल आउटपुट (आवाज प्रकाशाच्या रूपात बाहेर देणारं भोक) वापरा. झाकण काढून टोकाकडे पाहिलं की बारीक लाल उजेड दिसतो, तेच. ते बहुधा स्पीकरसोबतच चालू राहतं, आणि रिमोटने आवाज कमी केला तरी आईच्या हेडफोनमधला आवाज सहसा कमी होत नाही. त्याला बिनतारी हेडफोनचा ट्रान्समीटर, म्हणजे हेडफोनकडे आवाज पाठवणारी डबी, जोडायचा. मात्र टीव्हीचं ऑडिओ सेटिंग 'पीसीएम' (आवाजाचा साधा डिजिटल प्रकार) करा. डॉल्बी या दाबून पाठवलेल्या प्रकारावर राहिलं तर साधा ट्रान्समीटर मुका बसतो. आमचे दोन दिवस त्यातच गेले!

साधा ब्लूटूथ मला पटत नाही. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात, आणि कमी ऐकू येणारा माणूस ओठ वाचूनच अर्धं समजून घेतो. रेडिओ लहरींवरचे हेडफोन त्यापेक्षा बरे.

श्रवणयंत्र असेल तर त्याच्याच कंपनीचा टीव्ही स्ट्रीमर (टीव्हीचा आवाज थेट यंत्रात पाठवणारी डबी) घ्या, दुसऱ्याचा सहसा जुळत नाही. यंत्रात टेलिकॉइल, म्हणजे चुंबकीय लहरींतून आवाज पकडणारी बारीक तारगुंडी, असेल तर तशा लहरी सोडणारा, गळ्यात घालायचा लूपही चालतो. फक्त यंत्र 'टी' म्हणजे टेलिकॉइलच्या सेटिंगवर करायचं. टेलिकॉइल आहे का, आणि असल्यास चालू केलंय का, हे ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) जरूर विचारा. माझ्या आईच्या यंत्रात होतं, पण बंदच ठेवलेलं होतं.