आर्ट्सला गणित बंद बोर्डाने नाही केलेलं

वर कोणीतरी लिहिलंय की बोर्डानेच आर्ट्सच्या पोरांना गणितापासून तोडलंय. बाकी मुद्दे पटले, हा नाही. बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या गणिताच्या पुस्तकावर बघा, सरळ 'कला आणि विज्ञान' असं छापलेलं असतं, दोघांना पुस्तक एकच, पेपरही एकच. अडतं ते ज्युनिअर कॉलेजात. माझ्या भाचीला इकॉनॉमिक्स, इतिहास आणि गणित असं घ्यायचं होतं, दहावीला गणितात मार्कही छान होते. कॉलेजात ऑफिसमध्ये सांगितलं, आर्ट्सच्या तुकडीला आमच्याकडे गणिताचा तास लागत नाही, एवढी हौस आहे तर सायन्स घे ना. आणि सायन्सचं गणित शेजारच्याच वर्गात चालू होतं हो!

शेवटी तिने गणित सोडलं आणि आता बीएला इकॉनॉमिक्स करताना गणितातले डेरिव्हेटिव्ह (एखादी गोष्ट किती वेगाने बदलते ते काढायची रीत) आले की यूट्यूबवर बसून शिकते, आवडीचा विषय असून. २०२०च्या शैक्षणिक धोरणात शाखांच्या भिंती नकोत असं लिहिलंय ते चांगलंच आहे, पण कॉलेजने टाइमटेबलात दोन्ही तुकड्यांचा गणिताचा तास एकत्र लावला नाही तर त्या पोरीला काय उपयोग? ॲडमिशनचा फॉर्म भरायच्या आधीच कोणत्या कॉलेजात कुठले विषय खरंच शिकवतात ते जाऊन विचारा, नुसत्या कटऑफवर जाऊ नका.