सायकॉलॉजीसाठी लोन काढावं का?

सातारकर: मुलगी बारावी झाली, सायकॉलॉजीच करायचंय म्हणते. पुण्यात प्रायव्हेट कॉलेजात बीए ते एमए लोन काढूनच होईल, पुढे हप्ते झेपतील का तिला?

निशिगंध: दादा, बीएला लोन नकोच, अनुदानित कॉलेजात फी खूप कमी पडते आणि डिग्री विद्यापीठाचीच असते. नुसत्या एमएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद, केंद्राची संस्था) मान्यता असलेला कोर्स लागतो, तेव्हासाठी पैसे राखा. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, तोच धरून हिशोब करा.

बँकवाले काका: कोर्स चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चढत राहतं, ते तरी भरत जा. भरलेल्या व्याजावर ८ वर्षं इन्कम टॅक्समध्ये सूट आहे, पण जुन्या टॅक्स रिजीममध्येच.

सातारकर: पटलं. अनुदानित कॉलेजं बघतो आधी.