फोटोतला बारकोड प्रोग्रॅम वाचत नाही, मोबाईल मात्र वाचतोय

खडेबाजारवाला:
नमस्कार मंडळी. बेळगावात खडेबाजारला आमचं साडीचं दुकान हाय, स्टॉकसाठी सी शार्प भाषेत लहान प्रोग्रॅम केलोय, बारकोड वाचणारी झेडएक्सिंग डॉट नेट ही फुकटची लायब्ररी (तयार कोड) घालून. शहापूर-वडगावचे विणकर टॅगचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात, ते एका फोल्डरमध्ये टाकून बारकोड वाचून घ्यायचे, असं चाललंय. पण निम्म्या फोटोंना रिझल्ट नल, म्हणजे रिकामा येतोय, आणि तोच टॅग मोबाईलसमोर धरला की टक्कन वाचतोय. पैशाची लायब्ररी घेऊ काय?

खानापूरकर:
पैसे कशाला घालवता ओ. मोबाईल सेकंदाला कितीतरी फ्रेम बघतोय, त्यातली एक बरी निघाली की झालं, तुमच्या प्रोग्रॅमच्या हातात एकच फोटो. आधी फोटो मोठा करून बारकोड किती पिक्सेल रुंद आलाय ते बघा. ईएएन-१३, म्हणजे दुकानातल्या मालावरचा नेहमीचा तेरा अंकी बारकोड, त्यात सगळ्यात बारीक रेघेच्या मापाची ९५ घरं, एका घराला दोन-तीन पिक्सेल तरी पाहिजेत. अख्खी साडी पसरून फोटो काढलाय आणि टॅग कोपऱ्यात, बारकोड १५० पिक्सेलचा, मग दीड पिक्सेलात काळं कुठलं नि पांढरं कुठलं, कुठलीपण लायब्ररी असू दे. त्यात व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतंय ते वेगळंच. टॅग जवळून काढून डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणावं.

चिकोडी_डेव्ह:
जवळून म्हटलं की लोक रेघांना चिकटून क्रॉप करतात, ते पण चालत नाही. बाजूला कोरी जागा लागतीच, ईएएन-१३ला डावीकडे ११ घरं, उजवीकडे ७. कापून आलेल्या फोटोला प्रोग्रॅममध्येच पांढरी पट्टी जोडून बघा. लायब्ररीच्या सेटिंगमध्ये ट्राय हार्डर (जास्त कसून शोध) आणि ऑटो रोटेट (फोटो फिरवून बघणं) ट्रू, म्हणजे चालू करा. पॉसिबल फॉरमॅट्समध्ये मात्र बारकोडचे जे प्रकार तुमच्याकडं येतात तेवढेच ठेवा. सगळे चालू ठेवलं की आयटीएफसारखा (खोक्यांवर असतो तो) प्रकार अर्धवट रेघांतनं पण कायतरी आकडा काढून देतोय, त्यापेक्षा नल परवडला. ईएएनचा शेवटचा अंक तपासणीचा, तो लायब्ररी बघती, पण हातानं टाईप केलेल्या नंबरला पण तोच हिशेब लावा की. ८९०१२३४५६७८९ घ्या, दुसरा, चौथा, सहावा असे अंक तिपटीनं आणि बाकीचे तसेच धरून बेरीज १३०, दहाची पट पूर्णच हाय, म्हणून तेरावा ०.

निपाणीकर_९०:
जाता जाता, सुरुवातीला ८९० दिसला म्हणजे माल भारतातला असं धरू नका, नंबर जीएस१ इंडिया या बारकोड नंबर देणाऱ्या संस्थेकडनं घेतलाय एवढंच. दुकानातल्या दुकानात स्वतःचे टॅग छापणार असाल तर २० ते २९नं सुरू होणारे वापरा.

खडेबाजारवाला:
डॉक्युमेंट करून मागवलो, बरेच वाचायलेत. पट्टीचं पण जमलं. आता अडलंय ते चंदेरी चमकत्या टॅगचं, मधोमध पांढरा डाग येतोय.

खानापूरकर:
फ्लॅश बंद करायला सांगा आणि टॅग जरा तिरपा धरायला. डाग पडलेल्या जागेत रेघाच नसतात ओ, तिथं कोडमध्ये काय करणार.