आत्तीच्या जुन्या वह्या आणि मोडी कागद कसे जपायचे?

आमच्या आत्तीनं कोल्हापूरच्या शाहूपुरीत तीस वर्षं गुळाची अडत (शेतकऱ्याचा गूळ दलालीवर विकून द्यायचा धंदा) चालवली, सौद्याला म्हणजे लिलावाला पुरुषांच्या घोळक्यात एकटी बाई उभी असायची. आता दुकान भावाकडं दिलंय आणि ही पेठेपेठेत फिरून जुने फोटो, पट्ट्या (शेतकऱ्याला मिळायच्या त्या विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या), वह्या गोळा करत्या, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून मोबाईलवर रेकॉर्ड करत्या. शाहू महाराजांनी १८९५ ला ही पेठ वसवली, पण तिथल्या हमालांचं, माल तोलणाऱ्या तोलारांचं कोण लिहिणार, असं म्हणत्या. २०१९ च्या महापुरात काही वह्या भिजल्या, पानं चिकटलीत. काय करू?

उत्तर १: लॅमिनेशन अजिबात करू नका आणि सेलोटेपही लावू नका, दोन्हींनी कागद कायमचा खराब होतो. चिकटलेली पानं ओढू नका, जाणकाराला दाखवा. बाकीचे फोटो आधी स्कॅन करा, मागं मऊ पेन्सिलीनं नावं लिहा, पेन नको.

उत्तर २: मोडी लिपीतल्या कागदांसाठी शिवाजी विद्यापीठात किंवा पुराभिलेखागारात (जुनी सरकारी कागदपत्रं जपतात तिथं) विचारा. पण माझं ऐकाल तर आधी तुमच्या आत्तींचीच मुलाखत घ्या! गुळाचा रंग, कण बघून भाव कसा ठरायचा, शेतकऱ्याला पट्टी कशी व्हायची, ते त्यांच्याशिवाय कोण सांगणार? सगळ्यांचं जपतायत आणि त्यांचंच राहून जाईल ओ.

प्रश्नकर्ती: हे डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी बसवतेच तिला.